युद्धवीर आणि रुग्णशय्या

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवसांत आपण परमेश्वराचे उपकार मानतो, हे देऊळ उभारणाऱ्या पूर्वजांस कृतज्ञतेने आठवतो आणि पुढील काळासाठी संकल्प करितो. सभागृह बांधावे, शाळेवर नवा मजला चढवावा, दवाखाना काढावा, अशा सूचना गेले कित्येक महिने आपण ऐकत आहो, व त्या सर्व स्तुत्य आहेत. अशा प्रसंगी एखाद्या सैनिकाचे चरित्र सांगावे, आणि तेही युद्ध संपल्यावर ज्याने आपले उरलेले आयुष्य घर व शेजार ह्यांच्या सेवेत घालविले अशा सैनिकाचे, अशी आज्ञा समितीने मला केली. मी त्यासाठी ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर ह्यांची निवड केली आहे. ते जन्माने इंग्रज असले तरी आपणांस अगदीच परके नाहीत. त्यांच्या कार्याचे भारतातील पहिले घर आपल्या वसईहून आगगाडीने सहज गाठता येणाऱ्या अंधेरीत उभे राहिले, आणि त्यांचा विवाहही मुंबईच्या कॅथीड्रलात लागला.

चेशायर ह्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडातील चेस्टर येथे झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचे नामांकित अध्यापक होते. मुलानेही तेथेच कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु ग्रंथांपेक्षा वेगवान मोटारी आणि मौजमजा ह्यांची गोडी त्या तरुणास अधिक होती. धर्माचा विचार त्याच्या मनास फारसा शिवला नव्हता. विद्यापीठाच्या विमानपथकात तो विमान चालविण्यास शिकला, आणि १९३९ साली महायुद्ध पेटताच ब्रिटिश हवाई दलात बाँबफेकी विमानांवर रुजू झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीतील कोलोन शहरावर उडत असता तोफेच्या माऱ्याने त्याच्या विमानात स्फोट होऊन एका बाजूस मोठे भगदाड पडले. तशाही स्थितीत त्याने ते विमान व आपले सोबती सुखरूप परत आणिले. तेव्हापासून ह्या तरुणाचे नाव सैन्यात सर्वतोमुखी झाले.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १९४३ साली, ते ब्रिटिश हवाई दलातील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले. हा अधिकार मिळाल्यावर मनुष्याने कचेरीत बसून हुकूम सोडावेत, अशी रीत. चेशायर ह्यांना ती मानवली नाही. पुन्हा प्रत्यक्ष उड्डाण करावयास मिळावे म्हणून त्यांनी आपण होऊन एक पायरी खालची पदवी पत्करिली आणि ६१७ क्रमांकाच्या प्रसिद्ध पथकाचे नेतृत्व घेतले. ह्या पथकाबरोबर असताना घडलेला एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोझ येथील विमानांची यंत्रे बनविणारा कारखाना उडवून देण्याची आज्ञा झाली. कारखाना शत्रूच्या ताब्यात होता, परंतु आत रात्रपाळीस राबत होत्या फ्रेंच स्त्रिया. चेशायर ह्यांनी आपले प्रचंड विमान कारखान्याच्या छपरालगत अगदी खालून एकापेक्षा अधिक वेळा नेले. हेतू इतकाच की आतील माणसांनी सावध होऊन बाहेर पडावे. त्या अवधीत शत्रूच्या तोफांनी आपणांस टिपले असते तर, हा विचार त्यांनी बाजूस ठेविला. स्त्रिया बाहेर पडल्यावरच बाँबफेक सुरू झाली.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इंग्रजी सैन्यातील शौर्याचे हे सर्वोच्च पदक. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ह्यांस त्याच वर्षी इटलीच्या रणांगणावर मरणोत्तर मिळाले ते हेच पदक. तेव्हा त्याची थोरवी महाराष्ट्रास सांगावयास नको. हे पदक बहुधा एखाद्या क्षणीच्या अचाट पराक्रमाबद्दल दिले जाते. चेशायर ह्यांस मात्र ते चार वर्षांत केलेल्या शंभर मोहिमांबद्दल मिळाले, म्हणजे भीतीच्या तोंडी पुनःपुन्हा जाण्याच्या चिकाटीबद्दल मिळाले. इंग्रजांच्या बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख माणसे होती, त्यांतील पंचावन्न हजारांहून अधिक कामास आली, एवढे सांगितले की ह्या चिकाटीचे मोल ध्यानात येईल. त्याच बाँबफेकीत जर्मन शहरांतील कित्येक लक्ष नागरिक, बायकामुलांसह, प्राणास मुकले, हेही आपण विसरता कामा नये.

पुढे ९ ऑगस्ट १९४५ उजाडला. जपानातील नागासाकी शहरावर अणुबाँब टाकण्यात आला, तेव्हा ब्रिटिश सरकारचे निरीक्षक म्हणून चेशायर एका अमेरिकन विमानात होते. ठरलेल्या जागी त्यांचे विमान इतर विमानांस भेटू शकले नाही, त्यामुळे तो भयंकर मेघ त्यांनी बऱ्याच अंतरावरून पाहिला. ज्या उराकामी भागावर तो बाँब पडला तेथे जपानातील कॅथोलिक श्रद्धेचे माहेरघर होते. अडीचशे वर्षे छळ सोसून, धर्मगुरूंवाचून, गुप्तपणे विश्वास जतन करणाऱ्या घराण्यांची ती वस्ती. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या सकाळी काही भाविक पापनिवेदनासाठी देवळात आले होते. ते आणि त्यांचे धर्मगुरू तेथेच मृत्यू पावले, आणि त्या वस्तीतील हजारो ख्रिस्ती जनांचा अंत झाला.

येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख करणे अवश्य आहे. नागासाकीचा तो देखावा पाहून चेशायर ह्यांस पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सेवाव्रत घेतले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात. कथा ऐकावयास गोड आहे, पण खरी नाही. त्या बाँबमुळे युद्ध लवकर संपले व अनेकांचे प्राण वाचले, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडिले नाही. ते मत आपणांस पटो वा न पटो, त्यांच्या पुढील आयुष्याचे मूळ तेथे नाही. मोठे युद्ध ह्यापुढे होता कामा नये आणि शांतीसाठी काही केले पाहिजे, एवढी तळमळ घेऊन ते घरी परतले. काय करावे, हे त्यांस कळले नव्हते.

१९४६ च्या आरंभी त्यांनी सैन्य सोडिले व एक मोठी योजना आखिली. युद्धातून परतलेल्या शिपायांस व त्यांच्या कुटुंबांस एकत्र राहता यावे, शेती व कारागिरी करून परस्परांच्या आधाराने पोट भरता यावे, अशी वसाहत त्यांनी स्थापिली. वृत्तपत्रांनी वाहवा केली, माणसे जमली, हॅम्पशर परगण्यातील ले कोर्ट नावाचा प्रशस्त वाडा मिळाला. परंतु पैशाचा मेळ बसेना, माणसांत कुरबुरी माजल्या, खुद्द चेशायर ह्यांची प्रकृती ढासळली. दोन वर्षांच्या आत वसाहत मोडली. माणसे पांगली. त्या ओसाड वाड्यात कर्जाच्या ओझ्याखाली हा तीस वर्षांचा युद्धवीर जवळजवळ एकटा उरला.

अशा वेळी त्यांस एका इस्पितळातून निरोप आला. वसाहतीत पूर्वी डुकरे सांभाळणारा आर्थर डाइक्स नावाचा मनुष्य तेथे कर्करोगाने आजारी होता. रोग बरा होण्याजोगा नव्हता, इस्पितळास खाट मोकळी हवी होती, आणि त्या बिचाऱ्यास घर नव्हते. चेशायर ह्यांनी त्याच्यासाठी जागा शोधिली. मरणोन्मुख माणसास ठेवून घ्यावयास कोणी तयार होईना. शेवटी ते आर्थरच्या खाटेपाशी गेले, त्याच्या रोगाचे खरे स्वरूप त्यांनीच त्यास सांगितले, आणि मे १९४८ मध्ये त्यास ले कोर्टात आणिले. शुश्रूषेचे ज्ञान त्यांना नव्हते. स्वयंपाक करावा, अंथरुणे धुवावी, रोग्याचे अंग पुसावे, रात्री हाक येताच उठावे, ही सारी कामे शंभर मोहिमांचा तो नायक नवशिक्या उमेदवारासारखा शिकला.

आर्थर जन्माने कॅथोलिक होता. दीर्घकाळ धर्मापासून दूर गेला होता, तो ह्या आजारात परत वळला. ऑगस्टमध्ये त्यास मरण आले. त्याच्या शांत मरणाची छाप चेशायर ह्यांच्या मनावर खोल उमटली. त्या दिवसांत ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे वाचन करू लागले, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचा कॅथोलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. एका डुकरे राखणाऱ्याने आपणांस तेथवर आणिले, हे त्यांनी कधी लपविले नाही.

बंधुभगिनींनो, त्याच उन्हाळ्यात, ५ जुलै १९४८ रोजी, इंग्लंडात सर्व नागरिकांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. ती मोठी लोकोपकारी गोष्ट होती. तरीही जो बरा होणार नाही, ज्यास इस्पितळ ठेवून घेत नाही व घर उरलेले नाही, अशा रोग्यास कोठे जावे हा प्रश्न शिल्लकच राहिला. म्हणून आर्थरच्या मागोमाग नव्वदी उलटलेली एक अंथरुणास खिळलेली आजी आली. मग क्षयरोगी आले, पक्षाघाताने जखडलेले आले, ज्यांना केवळ तारुण्यात अपंगत्व आल्यामुळे म्हाताऱ्यांच्या कोठीत पडून राहावे लागले असते असे तरुण आले. पैसा नव्हता, नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती. पंचक्रोशीतील माणसे मात्र येऊ लागली. कोणी भाजी आणून दिली, कोणी छप्पर शाकारले, कोणी आठवड्यातून एक रात्र जागावयाचे पत्करिले. जे रोगी हात हलवू शकत ते बटाटे सोलीत, हिशेब लिहीत, दुसऱ्या रोग्यास घास भरवीत. गाजावाजाने उभारलेली वसाहत मोडलेल्या त्याच वाड्यात, कोणतीही योजना नसता, हे दुसरे घर उभे राहिले.

ह्या कामाचा खरा कस १९५२ साली लागला. चेशायर ह्यांस क्षयाने गाठिले. मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात ते दोन वर्षांहून अधिक काळ खिळून पडले. छातीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. संस्थापक बिछान्यास खिळला म्हणजे संस्था विस्कळीत होते, हा आपला नित्याचा अनुभव. येथे उलट झाले. त्या काळात आणखी घरे निघाली, आणि ती ज्या त्या गावच्या माणसांनी समिती नेमून, वर्गणी गोळा करून चालविली. काम एका माणसाच्या खांद्यावर नव्हते म्हणून तो माणूस पडला तरी काम पडले नाही.

प्रकृती सावरताच ते भारतात आले. १९५६ साली अंधेरीत महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर बेथलेहेम हाऊस सुरू झाले. पुढे दिल्ली, बंगळूर आदी ठिकाणी तशीच घरे झाली. ह्या घरांच्या दारी रोग्यास धर्म वा जात विचारली जात नसे. चालक मंडळांतही हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व प्रकारचे सद्गृहस्थ व सद्गृहिणी होत्या. दयाळू शोमरोन्याची कथा आपण देवळात वारंवार ऐकतो. ती कथा अंधेरीच्या त्या रस्त्यावर पाहावयास मिळाली.

आता त्यांच्या कुटुंबाविषयी. युद्धकाळात त्यांनी एक विवाह केला होता, तो टिकला नाही. पुढे त्यांची गाठ स्यू रायडर ह्या बाईंशी पडली. ह्या बाईंनी युद्धात पोलंडच्या गुप्त सैनिकांबरोबर काम केले होते, आणि युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्या निराधारांसाठी सफोक परगण्यातील कॅव्हेंडिश गावी घर चालविले होते. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत दोघांचा विवाह झाला. त्या वेळी आपले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप होते. त्याच वर्षी ह्या दांपत्याने डेहराडून येथे राफाएल हे स्थान वसविले. कुष्ठरोगी आणि मतिमंद मुले ह्यांना तेथे आश्रय मिळाला. दोघांच्या संस्था वेगळ्या होत्या व लग्नानंतरही वेगळ्याच राहिल्या. एकाने दुसऱ्याचे काम गिळले नाही. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. ह्या मुलांचे बालपण कॅव्हेंडिशच्या त्या घरातच, मोजक्या खोल्यांत गेले. भिंतीपलीकडे रोगी व युद्धातून वाचलेली माणसे राहत होती. आईबाप वारंवार प्रवासास जात. अशा संसारात मुलांनाही काही सोडावे लागते, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सेवा करणाऱ्या माणसाच्या मागे त्याचे घर उभे असते आणि त्या सेवेचे मोल घरही भरीत असते. आपल्या धर्मग्रामात जे स्वयंसेवक रात्री-अपरात्री धावतात, त्यांच्या बायकामुलांचे आभार ह्या ज्युबिलीत कोणी मानले असतील तर फार चांगले.

चेशायर ह्यांच्या कार्यावर टीका झाली नाही असे नाही, आणि ती टीका त्या घरांतूनच झाली. स्नायूंच्या रोगाने चाकाच्या खुर्चीत बसलेला पॉल हंट हा तरुण १९५६ साली ले कोर्टात राहावयास आला. तो व त्याचे सोबती म्हणू लागले की हे जर आमचे घर आहे, तर केव्हा निजावे येथपासून घर कसे चालवावे येथपर्यंत सर्व गोष्टींत आमचे मत विचारिले पाहिजे. पुढे १९७२ साली त्याने गार्डियन ह्या वृत्तपत्रात पत्र लिहून अपंगांनी आपली स्वतःची संघटना उभारावी अशी हाक दिली, आणि त्यातून इंग्लंडातील अपंगांच्या हक्कांची चळवळ बळावली. उपकार करणाऱ्यांच्या कानांस ही भाषा प्रथम कडू लागते. परंतु ती ऐकिली पाहिजे. ज्याची आपण सेवा करितो तो आपल्या पुण्याचे साधन नव्हे. आपल्यासारखाच मान असलेला तो घरधनी आहे.

१९८१ साली चेशायर ह्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा दुर्मिळ बहुमान मिळाला, १९९१ साली ते उमराव झाले. आयुष्याच्या शेवटी मज्जातंतूंच्या एका असाध्य रोगाने त्यांस धरिले. ह्या रोगात हातपाय, गिळणे, बोलणे, एकेक करून सारे सोडून जाते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आर्थरला जसे भरविले, पुसले, उचलले, तसे आता इतरांनी त्यांस उचलावे लागे. ३१ जुलै १९९२ रोजी कॅव्हेंडिश येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांच्या नावाची घरे सुमारे पन्नास देशांत पसरली होती. त्या वर्षीच्या नाताळच्या संदेशात राणी एलिझाबेथ ह्यांनी आवर्जून त्यांचे स्मरण केले.

ह्या चरित्रापासून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे? मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. चेशायर ह्यांनी प्रथम योजना केली आणि मग तीत बसतील अशी माणसे शोधिली, तेव्हा ते फसले. एक माणूस दारी आला आणि त्याच्यासाठी जे करणे प्राप्त होते ते त्यांनी केले, तेव्हा त्यातून योजना आपोआप जन्मास आली. आपले सभागृह होईल, दवाखानाही देवाच्या कृपेने होईल. परंतु आजच्या रात्री आपल्या आळीत कोणाच्या माजघरात कोण अंथरुणास खिळून आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? पक्षाघात झालेले आजोबा, स्मृती गेलेली आजी, जन्मतः अपंग असा मोठा झालेला मुलगा, आणि त्यांच्या पायाशी दहादहा वर्षे बसलेली एखादी सून किंवा अविवाहित मुलगी. कित्येक घरांत ह्या सेवा करणाऱ्या बाईस रविवारच्या मिस्सालाही येता येत नाही. देवळात तिची जागा रिकामी दिसते, व आपण समजतो की तिची श्रद्धा मंदावली.

म्हणून माझी सूचना लहान आहे. प्रत्येक आळीतील चारपाच कुटुंबांनी मिळून अशा एका घराची जबाबदारी घ्यावी. आठवड्यातून एक दिवस कोणीतरी दोन तास रोग्यापाशी बसावे, म्हणजे त्या बाईस देवळात, बाजारात किंवा माहेरी जाता येईल. जाण्यापूर्वी रोग्यास विचारावे की आमचे येणे तुम्हांस आवडेल काय, आणि काय केलेले आवडेल. शेजारचे घर हिंदूचे वा मुसलमानाचे असेल तर तेही ह्यात धरावे. आणि हे काम कोणा एका उत्साही गृहस्थावर सोपवू नये. तो आजारी पडला तरी चालेल अशा रीतीने ते वाटून घ्यावे. आपल्यातील जे निवृत्त सैनिक आहेत त्यांना पाळीने पहारा देणे म्हणजे काय हे सांगावयास नको. त्यांनीच ह्याची यादी करून पाळ्या लावून द्याव्या, अशी त्यांस माझी हात जोडून विनंती आहे.

पुढील ज्युबिलीस आपणांपैकी कित्येकजण ह्या सभेत नसतील, आणि काहीजण तर घरातल्या खाटेवरूनच देवळाच्या घंटा ऐकत असतील. त्या दिवशी त्यांच्या उशाशी बसावयास कोणी यावे, असे वाटत असेल तर त्याचा आरंभ ह्या आठवड्यात करावा लागेल.